हिमरूचे अंग, पैठणीचा काठ : हाताने विणलेल्या एका लोकरी जाकिटाचा प्रकरण अभ्यास

माझी भाची गेली काही वर्षे एडिनबर्गला नोकरीनिमित्त राहते. जून महिन्यात तिने फोनवर एक मागणी केली : "आत्या, आजीच्या पैठणीच्या पदरावर जो मोर आहे, तो पाठीवर येईल असं लोकरीचं जाकीट मला विणून देशील का?" जाकीट समोरून पूर्ण उघडणारे, शर्टावर घालता येईल असे सैल आणि तिथल्या ओल्या वाऱ्याच्या थंडीत खरोखर वापरता येईल इतके दाट असावे, एवढ्या तिच्या अटी होत्या. छातीचे माप ९६ सेंटीमीटर होते आणि जानेवारीत ती पुण्याला येणार असल्यामुळे हातात सहा महिने होते. मी तीस वर्षे दोन सुयांवर विणते आहे. रंगीत नक्षीच्या टोप्या आणि लहान मुलांचे स्वेटर मी अनेक केले आहेत. मात्र मोठ्या माणसाचे, सबंध अंगभर नक्षीचे जाकीट हे पहिलेच. तिने मागितलेला मोर शेवटी जाकिटावर आला नाही. तो का आला नाही आणि त्याच्या जागी जे आले ते कोणत्या विचाराने आले, हा या लेखनाचा विषय आहे.

सुरुवात मी नेहमीप्रमाणे मापाच्या तुकड्यापासून केली. पदराचा फोटो मोठा करून शाळेच्या आलेख कागदावर मोर उतरवला आणि दोन रंगांचे धागे एकाच वेळी वागवण्याच्या, म्हणजे फेअर आयल पद्धतीने तो विणायला घेतला. या पद्धतीत ज्या टाक्याला जो रंग हवा तो धागा पुढे येतो आणि दुसरा तेवढ्या अंतरापुरता कापडाच्या पाठीमागून मोकळा जातो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर पिढ्यानपिढ्या अशा तऱ्हेने विणले जाते आणि तिथला मूळ नेम असा, की एका ओळीत दोनच रंग असावेत आणि मागचा धागा फार लांब मोकळा सुटू नये. माझ्या मोराने हे दोन्ही नेम मोडले. मानेच्या निळ्या भागाशेजारी मागचे धागे सतरा सतरा टाके मोकळे लोंबत होते आणि पिसाऱ्याच्या एकाच ओळीत पाच रंग येत होते. पाच धागे पाठीमागून ओढत नेल्यावर कापड पुठ्ठ्यासारखे ताठ झाले, मोकळ्या धाग्यांत बोटे अडकू लागली आणि समोरची बाजू आवळून सुरकुतली. भरीस भर म्हणजे मोर ठेंगणा दिसत होता. आलेख कागदाचा चौकोन चारी बाजूंनी सारखा असतो, विणलेला टाका तसा नसतो. माझ्या हाताला १० सेंटीमीटरमध्ये २४ टाके आणि २८ ओळी बसतात, म्हणजे एक टाका सुमारे ४.२ मिलिमीटर रुंद आणि ३.६ मिलिमीटर उंच होतो; कागदावरची गोल बुट्टी अंगावर आडवी पसरते ती यामुळे.

ठेंगणेपणा ओळी वाढवून दुरुस्त करता आला असता. पुठ्ठ्यासारखे कापड मात्र दुरुस्त होण्यासारखे नव्हते. त्याचे कारण शोधताना मी आईच्या पैठणीचा पदर उलटा केला, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते असे मला आजही वाटते.

पैठणीच्या पदराला उलटी बाजू जवळजवळ नसतेच. मोर जसा समोरून दिसतो तसाच मागून दिसतो, कारण तिथे कोणताही धागा आपला रंग संपल्यावर मागून पुढे जात नाही. प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी असते. विणकर ती आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंतच नेतो आणि तिथून परत फिरवतो. हद्दीवर दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवले जातात किंवा एकाच उभ्या धाग्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून परत जातात. काही ठिकाणी ते न अडकवता नुसते परत फिरवलेले असतात आणि तिथे उजेडासमोर धरल्यावर बारीक फट दिसते. पैठणला आणि येवल्याला हातमागावर अशी विणलेली पैठणी म्हणूनच इतका वेळ घेते. माझ्या सुयांच्या दुनियेत याच बांधणीला इंटार्शिया म्हणतात. त्यातही प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी गुंडी असते, रंग बदलताना नवा धागा जुन्या धाग्याखालून घेऊन पीळ द्यावा लागतो आणि तो पीळ विसरला की नेमकी तशीच फट पडते. मी फेअर आयलने जे करू पाहत होते ते मुळात त्या कापडाच्या स्वभावाविरुद्ध होते.

मग दुसरा तुकडा इंटार्शियाने केला. कापड मऊ आले, आवळले नाही, मोर उभा राहिला. परंतु पिसाऱ्याच्या ओळीत तेरा गुंड्या सुईखाली लोंबत होत्या, प्रत्येक ओळ उलटून परत यावे लागत होते आणि एवढ्याशा तुकड्यातही धाग्यांची साठ टोके मागे शिवून लपवायची उरली. हे कष्ट मी घेतले असते. खरी अडचण वेगळीच निघाली : लोकरीतला मोर ओळखू येईना. पैठणीत गर्द लाल आणि गर्द हिरवा शेजारी बसतात, कारण त्यांच्यामध्ये जरीचा धागा असतो. तो चमकतो आणि दोन गर्द रंगांना वेगळे ठेवतो. लोकरीला ती चमक नाही. मी तुकड्याचा फोटो काळा-पांढरा करून पाहिला, तेव्हा लाल आणि हिरवा एकाच करड्या रंगाचे झाले होते आणि त्यांत मोर विरघळून गेला होता. जरीच्या जागी मोहरीपिवळ्या रंगाची बाह्यरेषा दिली असती तर आणखी गुंड्या वाढल्या असत्या, आणि सगळे करूनही एका बाजूचे इंटार्शियाचे एकेरी कापड त्या थंडीला पुरेसे उबदार झाले नसते.

येथे प्रकरण अडले. पंधरा दिवस मी सुया बाजूला ठेवल्या.

सुटका झाली ती आईच्याच कपाटात. पैठणीखाली घडी घालून ठेवलेली तिची हिमरू शाल होती, पूर्वीच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून आणलेली. तिची जमीन काळपट जांभळी आणि तिच्यावर हस्तिदंती, मोहरी आणि फिकट हिरव्या रंगांच्या पानाफुलांच्या बुट्ट्या आहेत. पैठणीने धडा दिला होता, म्हणून शाल हातात घेताच मी ती उलटी केली. मागे रेशमाचे मोकळे धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सैलसर पसरलेले होते. बुट्टीचा जादा धागा जिथे लागतो तिथे वर येतो आणि उरलेला सगळा वेळ मागे तरंगत राहतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली : बुट्टीत तीन रंग असले तरी ते शेजारी शेजारी नव्हते, एकावर एक होते. देठाच्या पट्ट्यात सगळ्या बुट्ट्या हिरव्या, मधल्या पट्ट्यात मोहरी, टोकाला हस्तिदंती. म्हणजे कोणत्याही एका ओळीत जमिनीचा एक आणि नक्षीचा एक, असे दोनच रंग. शेटलंडच्या बायकांनी जो नेम सुयांवर पाळला तोच या शालीच्या विणकराने मागावर पाळला होता.

हिमरू हे नाव फारसीतील 'सारखे दिसणारे' या अर्थाच्या शब्दावरून आले असे मानले जाते. सोन्याचांदीच्या तारांचे किनखाब राजेरजवाड्यांसाठी असे, त्याच्यासारखे दिसणारे पण सूत आणि रेशीम यांचे कापड ते हिमरू. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर विणकर इकडे आले, असे परंपरा सांगते. मला या कामापुरते महत्त्वाचे होते ते हे, की मागे तरंगणाऱ्या रेशमाच्या थरामुळे हिमरू मऊ आणि उबदार होते व म्हणून त्याच्या शाली आणि शेरवान्या होत. मोकळा धागा हा तिथे दोष नाही, तोच त्या कापडाची ऊब आहे. फेअर आयलचे कापडही याच कारणाने दुहेरी आणि उबदार असते. भाचीला मी फोटो पाठवले आणि कळवले की जाकिटाचे अंग आजीच्या शालीचे होईल आणि पैठणी पुढच्या पट्टीपुरती येईल. मोर गेल्याचे तिला वाईट वाटले, हे तिने लपवले नाही. पण शालीची उलटी बाजू पाहिल्यावर तिने होकार दिला.

लोकरीचा प्रश्न मात्र बाकी होता. मी आधी इथल्या दुकानातून घेतलेली मेरिनो लोकर मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली, अतिशय मऊ आणि गुळगुळीत होती. जाकीट एकसंध नळीसारखे गोल विणून नंतर समोरून कात्रीने कापायचे, असे मी ठरवले होते. नॉर्वेच्या पारंपरिक लोकरी जाकिटांचा हाच रिवाज आहे आणि त्यात सबंध वेळ नक्षीची सुलट बाजू डोळ्यासमोर राहते. पण गुळगुळीत लोकरीचा तुकडा कापून पाहिला तेव्हा दोनचार वेळा ताणताच कडेचे तीन टाके सुटून आले. शिवाय कोमट पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर त्यातला किरमिजी रंग हस्तिदंतीवर उतरला. आपली दख्खनी मेंढीची लोकर चिवट खरी, घोंगडी तिचीच होतात, परंतु मानेला टोचणारे जाकीट कोणी रोज घालणार नाही. शेवटी भाचीनेच तिकडून शेटलंड लोकरीचे पंचवीस ग्रॅमचे अठ्ठावीस गुंडे पाठवले. ही लोकर किंचित खरबरीत असते, तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांना धरून ठेवतात आणि कापलेली कड जागेवर राहते. मी तिचाही तुकडा विणला, धुतला, वाळवला, कापला आणि मगच खऱ्या कामाला हात घातला. जमिनीसाठी शालीसारखा काळपट जांभळा, नक्षीसाठी हस्तिदंती, मोहरी आणि पिस्ता असे रंग घेतले आणि पट्टीसाठी थोडा किरमिजी.

आकडे असे बसले. शालीवरची बुट्टी वीस टाक्यांत मांडली आणि टाक्याची उंची कमी असल्यामुळे तिला चोवीस ओळी दिल्या. ती किंचित उभट झाली, पण मूळ बुट्टीही उभटच आहे. घेरात अशा तेरा बुट्ट्या म्हणजे २६० टाके, दोन्ही बाजूंची नक्षी समोरासमोर जुळावी म्हणून एक जादा, आणि कापण्यासाठी मध्ये सात टाक्यांची आडपट्टी, असे एकूण २६८ टाके ३.५ मिलिमीटरच्या गोल सुईवर घातले. २६१ टाक्यांचा घेर १०९ सेंटीमीटर भरतो आणि पट्टी धरून तो ११४ च्या आसपास जाईल, हा अंदाज होता. उंचीत सात बुट्ट्या म्हणजे १६८ ओळी, नेमके ६० सेंटीमीटर, आणि खाली ४ सेंटीमीटरची आत दुमडलेली कड. नुसत्या अंगाचेच हे सुमारे पंचेचाळीस हजार टाके होतात. एका फेरीला मला पंधरा मिनिटे लागत.

शालीतले सगळेच सुयांवर जसेच्या तसे आले नाही. दोन बुट्ट्यांमधली मोकळी जमीन नऊ टाक्यांची होती आणि तेवढा लांब धागा बाहीत हात घालताना बोटात अडकतो. रेशीम घट्ट बसते, लोकर ओढली जाते. मधेच धागा पाठीमागे गुंतवून ठेवता येतो. पण गर्द जमिनीमागे गुंतवलेला हस्तिदंती धागा समोरून चुकार ठिपक्यासारखा डोकावू लागला. तेव्हा मी तो ठिपकाच समोर घेतला : मोकळ्या जागेच्या मधोमध, एक ओळ सोडून एक, एकेक टाक्याची बुंदकी. त्यामुळे त्या ओळींत मागचा कोणताही धागा चार टाक्यांहून लांब राहिला नाही आणि नक्षीला एक बारीक शिडकावा मिळाला. जाकिटातला हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण तो शालीतून आलेला नाही, गरजेतून आलेला आहे.

ऑक्टोबरमध्ये एक चूक झाली आणि ती सांगणे आवश्यक आहे. घरातल्या आजारपणामुळे काम दहा दिवस बंद होते. पुन्हा सुरू केल्यावर नऊ फेऱ्या झाल्या आणि संध्याकाळच्या उजेडात मला दिसले की नव्या भागातल्या बुट्ट्या फिक्या पडल्या आहेत. लोकर तीच, सुई तीच, ताणही तोच होता. शोधता शोधता कळले की मी धागे उलट हातांत धरले होते. दोन धाग्यांपैकी जो खालच्या बाजूने येतो त्याचे टाके किंचित मोठे पडतात आणि तो रंग उठून दिसतो. वरून येणाऱ्याचे टाके आवळले जाऊन मागे सरतात. माझ्याकडे नक्षीचा धागा कायम डाव्या हातात, खालून असे, तो या नऊ फेऱ्यांत उजवीकडे गेला होता आणि जमीन नक्षीवर चढली होती. जवळजवळ चोवीसशे टाके उसवले. त्यानंतर सुईच्या डाव्या बाजूला हस्तिदंती धाग्याची गाठ बांधून ठेवली आणि काम संपेपर्यंत ती सोडली नाही.

बाह्या खांद्याकडून मनगटाकडे विणल्या : १०६ टाक्यांपासून ५४ टाक्यांपर्यंत, १२० फेऱ्यांत दोन्ही कडांनी सव्वीस वेळा घट देत. घट देताना मोठी बुट्टी कापली जाते, म्हणून बाह्यांवर फक्त बुंदक्या आणि लहान पाने ठेवली. लहान घेरात मागचे धागे आपोआप आवळतात, हे मी ऐकून होते, पण प्रत्यक्ष मोजल्यावर १० सेंटीमीटरमध्ये चोवीसऐवजी सव्वीस टाके निघाले, म्हणजे ४४ सेंटीमीटरची बाही ४१ ची झाली असती. सुई ३.७५ मिलिमीटरची घेतली आणि माप परत जागेवर आले. गळा आणि खांदे यांत विशेष काही नाही, ते नेहमीसारखे झाले.

कापण्याच्या दिवशी मी सकाळचा उजेड निवडला. आडपट्टीच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना शिवणयंत्रावर बारीक टाक्यांच्या दोन दोन ओळी घातल्या, आत वर्तमानपत्राची घडी सरकवली म्हणजे पाठीला कात्री लागणार नाही, आणि खालून वर कापत गेले. प्रत्येक कापाला दोन रंगांची टोके आतून बाहेर डोकावत, पण एकही टाका खाली धावला नाही. विणलेले कापड आडवे सहसा उसवत नाही, ते उभे उसवते. हे ठाऊक असूनही पहिल्या चार बोटांपर्यंत माझा श्वास अडकलेला होता. बाह्यांच्या जागाही अशाच कापल्या.

उरली पैठणीची पट्टी. ती वेगळी, सपाट आणि खऱ्या इंटार्शियाने विणली : बारा टाके, एका बाजूला किरमिजी, दुसऱ्या बाजूला मोहरीपिवळा, आणि मधली हद्द ओळीओळीने एकेक टाका पुढे मागे सरकत नारळी काठासारखी दातेरी होत जाणारी. गुंड्या दोनच आणि प्रत्येक ओळीत पीळ एकच. इथे पैठणीची बांधणी पूर्ण पाळता आली, कारण कापड अरुंद होते आणि नक्षी साधी होती. मात्र पट्टी एकेरी असल्यामुळे तिचा ताण वेगळा निघाला. टाके किंचित रुंद पडून ती साडेपाच सेंटीमीटरची झाली आणि उंचीत १० सेंटीमीटरला अठ्ठावीसऐवजी तीस ओळी आल्या. म्हणून ५६ सेंटीमीटरच्या कडेसाठी पट्टीच्या १६८ ओळी झाल्या, आणि शिवताना अंगाच्या चौदा ओळींना पट्टीच्या पंधरा ओळी हे प्रमाण टाचण्या लावून सांभाळले. तसे केले नसते तर पट्टी लाटेसारखी फुगली असती. कापलेली कड झाकण्यासाठी आणि पट्टीला आधार म्हणून मागून जांभळ्या खणाची पट्टी लावली. खण आधी दोनदा धुऊन, रंग सुटत नाही याची खात्री करून घेतला होता. पट्टीत बटणांसाठी भोके पाडली तर रंगांची हद्द तुटते, म्हणून बटणांऐवजी आतल्या बाजूने हूक लावले.

भाचीने अस्तराबद्दल विचारले होते. संपूर्ण अस्तर लावायला मी नकार दिला, कारण त्यामुळे लोकरीचा मागचा थर दबतो. फक्त बाह्यांना मऊ मलमल लावली, अंगठी किंवा घड्याळ धाग्यात अडकू नये एवढ्यासाठी. शेवटी जाकीट कोमट पाण्यात, न चोळता, बुडवून ठेवले, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढले आणि मापाप्रमाणे सपाट पसरून तीन दिवस सावलीत वाळवले. घेर ११३ सेंटीमीटर भरला, अंदाजापेक्षा एक कमी. वजन ६५५ ग्रॅम. वाळल्यावर टाके एकमेकांत बसले आणि बुट्ट्यांच्या कडा स्पष्ट झाल्या.

जानेवारीत भाची आली तेव्हा तिने जाकीट घालण्याआधी उलटे केले आणि आजीची शालही उलटी करून शेजारी पसरली. एकीकडे रेशीम, दुसरीकडे लोकर, पण धाग्यांची चाल तीच : बुट्टीपाशी आत शिरणारी आणि जमिनीवर मोकळी सुटणारी. कोपरे आधी झिजतात, म्हणून उरलेली सुमारे साठ ग्रॅम लोकर, धुतलेला मापाचा तुकडा आणि बुट्टीचा आराखडा मी तिला एका डब्यात घालून दिला आहे. आराखड्यावर कोणता धागा डाव्या हातात धरायचा तेही लिहिले आहे.